भुईआवळी, इंटरफेरॉन आणि आई

ऑफिसमधल्या रक्तदान शिबिरानंतर फोन आला, 'तुमचं रक्त वापरता येणार नाही, डॉक्टरांना भेटा.' हिपॅटायटिस बी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी पॉझिटिव्ह. म्हणजे जुनाट. गावाहून आई म्हणाली, "भुईआवळीचा रस घेत जा रे, प्रतिकारशक्ती वाढेल." मी हसलो. मग इतिहास वाचला आणि हसू आवरलं.

१९६५ साली बारूच ब्लूमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेल्या अनोळखी प्रथिनाबद्दल लिहिलं. ते या विषाणूचं आवरण निघालं. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. याच ब्लूमबर्ग यांनी पुढे मद्रासच्या संशोधकांबरोबर चक्क भुईआवळी तपासली! १९८८च्या 'लॅन्सेट'मधले आकडे: भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ते प्रथिन नाहीसं झालं, नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. पण इतर देशांतल्या चाचण्यांत हा परिणाम दिसला नाही. आमच्या भाषेत, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.'

दुसरा रस्ता इंटरफेरॉनचा. विषाणू शिरल्यावर पेशी एकमेकींना सावध करायला जे प्रथिन सोडतात, ते आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ साली लंडनमध्ये शोधलं. हेलसिंकीत कारी कँटेल दान केलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून ते बनवत. १९७६ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते हिपॅटायटिस बीच्या मोजक्या रुग्णांना दिलं आणि रक्तातला विषाणू घटला. १९९२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, नैराश्य एवढं सोसून गुण यायचा तो थोड्याच जणांना.

गंमत म्हणजे, गुण येणाऱ्यांचे यकृताचे रिपोर्ट बरेचदा मध्येच बिघडायचे. कारण हा विषाणू स्वतः यकृत फारसं पोखरत नाही. त्याला हुडकताना आपलीच प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशी मारते. यकृत आधीच निकामी होत आलेलं असेल, तर ही लढाई जिवावर बेतू शकते. शिवाय विषाणूच्या डीएनएचं कडं पेशीच्या केंद्रकात दडून बसतं. आजच्या गोळ्या विषाणूला दाबतात, ते कडं मात्र काढू शकत नाहीत. म्हणून आताचं संशोधन सरसकट 'इम्युनिटी बूस्ट' करण्याऐवजी या एका शत्रूपुढे थकलेल्या पेशींना जागं करू पाहतंय.

त्या थकतात का? मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत आजार जुनाट होतो. जन्मताना झाली तर सुमारे नव्वदांत.

म्हणून डॉक्टरांनी आईचंही रक्त तपासायला सांगितलं. तीही पॉझिटिव्ह.

"म्हणजे माझ्यामुळे?" तिनं विचारलं.

लस १९८०च्या दशकापासून होती. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. तोवर मी शाळेत होतो. "तुझ्यामुळे नाही गं," मी म्हणालो, "आपल्यापर्यंत लस पोचायला उशीर झाला."

आता दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं बरोबरच रक्त द्यायला जातो. भुईआवळीचा विषय ती काढत नाही. मीही हसत नाही.