विश्रामबाग वाडा, पुणे : बांधकाम व दुरुस्ती

विश्रामबाग वाडा : पुण्याच्या सदाशिव पेठेत, बाजीराव रस्त्याला लागून असलेला उत्तर पेशवाईतील वाडा. दुसऱ्या बाजीरावाने हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागी तो बांधला. काम १८०७ च्या सुमारास पुरे झाले आणि त्यावर सुमारे दोन लाख रुपये खर्च आला. शनिवारवाडा हाताशी असूनही बाजीरावाला राहायला हाच वाडा पसंत होता.

शनिवारवाड्याला तट-बुरूज आहेत, विश्रामबागेला नाहीत. हा राहण्यासाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेला वाडा. रस्त्यावरून पहिल्यांदा नजरेत भरते ती दरवाजावरची मेघडंबरी, म्हणजे पुढे काढलेला नक्षीदार लाकडी सज्जा. तिथले खांब सुरूच्या झाडासारखे, वर निमुळते होत गेलेले. माथ्यावर केळफूल आणि दोन खांबांच्या मध्ये महिरप. सगळे काम सागवानी. आत चौकांभोवती दोन मजली सोपे होते आणि वरच्या मजल्यावर दिवाणखाना. अठराव्या शतकात पुण्यात मुरलेल्या वाडा-पद्धतीचा हा शेवटचा मोठा नमुना म्हणायला हरकत नाही. इथल्या सुताराच्या हाताला तोड नाही. मात्र ज्या दौलतीसाठी तो राबला, तिला जेमतेम दहा वर्षे उरली होती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांकडे गेले आणि वाड्याचा सरकारी कामासाठी वापर सुरू झाला. पेशव्यांच्या दक्षिणा फंडाच्या पैशातून कमिशनर चॅप्लिनने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी येथे संस्कृत पाठशाळा उघडली. कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेचे विद्यार्थी. मराठीत विरामचिन्हे रुजवणारे मेजर कँडी येथेच देखरेखीला होते. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले व ते १८६८ मध्ये येरवड्याच्या बाजूला स्वतःच्या दगडी इमारतीत गेले.

मे १८७९ मधील एका रात्री विश्रामबाग आणि बुधवार वाडा या दोन्ही इमारतींना आग लागली. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस असल्याने सरकारचा पहिला संशय बंडवाल्यांवर गेला. त्याच सुमारास न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांची धुळ्याला बदली झाली, त्यामागेही बंडवाल्यांशी संबंध असल्याची शंका होती. तपासात मात्र आगीचा माग सरकारी पुस्तक डेपोतील एका नोकरापर्यंत पोहोचला. फडके पुढे जुलैमध्ये पकडले गेले. त्यांचा खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात चालला आणि वकीलपत्र सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले.

बुधवार वाडा त्या आगीनंतर पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र पुन्हा बांधण्यात आला. त्यामुळे आजची वास्तू सबंध पेशवेकालीन नाही. दर्शनी भाग आणि मागचे बांधकाम एका काळाचे समजू नये. पाहणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. वाडा टिकला तो कचेरीसाठी जागा म्हणून त्याची गरज होती म्हणून, निव्वळ कौतुकापोटी नव्हे, असे म्हणणे भाग आहे. १९३० ते १९५९ या काळात नगरपालिका आणि १९५० नंतर महानगरपालिका येथूनच शहराचा कारभार पाहत होती. पुढे कचेरी शिवाजीनगरला नव्या इमारतीत हलली.

कचेऱ्यांनी वाडा जिवंत ठेवला, पण झिजवलाही. अशा लाकडी वास्तूचे खरे शत्रू म्हणजे पागोळ्यांतून मुरणारे पाणी, वाळवी, लाकडावर चढवलेले रंगाचे थर आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला मारलेला सिमेंटचा गिलावा. सिमेंट ओल कोंडून धरते, चुना ती बाहेर सोडतो. म्हणून जुन्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महानगरपालिकेच्या हेरिटेज विभागाने दुरुस्ती हाती घेतली आणि मेघडंबरीसह दर्शनी भाग पुन्हा नीट दिसू लागला. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही वाड्यात मांडण्यात आले.

वाड्याचा काहीच भाग लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. तळमजल्यावर टपाल कचेरी आहे.