उंबरठ्यावरील हिरवी फांदी

घराचा दरवाजा अर्धा घरधन्याचा आणि अर्धा रस्त्याचा असतो. देवघरात कोणती मूर्ती आहे, माजघरात कोणती प्रार्थना चालते, हे जाणाऱ्या-येणाऱ्यास दिसत नाही. परंतु चौकटीवर काय बांधले आहे, ते सर्व गावास दिसते. पाडव्याचे आंब्याचे डहाळे आणि दसऱ्याचे झेंडूचे तोरण ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. सण घरात आला, ही वर्दी प्रथम दारच देते.

युरोपात नाताळाच्या दिवसांत दारावर हिरवी फांदी अथवा पानांचे कडे लावण्याची चाल आहे. इंग्लंडात या कामी मुख्यतः हॉली आणि आयव्ही यांचा मान. हॉली म्हणजे चकचकीत, काटेरी पानांचे व तांबड्या फळांचे झाड. आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी वेल. डिसेंबरच्या थंडीत ओक, ॲश आदी वृक्ष निष्पर्ण होऊन उभे असतात, त्या वेळी ही दोन्ही हिरवी राहतात. तेव्हा भर हिवाळ्यात दाराशी हिरवळ आणावयाची, तर यांच्याच फांद्या आणणे क्रमप्राप्त होते. चाल इतकी साधी आणि निरुपद्रवी; तथापि तिच्या इतिहासात धर्मगुरूंचे शाप आहेत, पार्लमेंटचे कायदे आहेत आणि एका शहरातील दंगाही आहे.

या इतिहासाचा आरंभ नाताळाच्याही आधी होतो. प्राचीन रोममध्ये आनंदाच्या प्रसंगी दारावर लॉरेलच्या फांद्या बांधीत व दिवे लावीत. इसवी सनापूर्वी 27 साली रोमच्या सीनेटने ऑगस्टसचा गौरव केला, तेव्हा त्याच्या घराच्या दारखांबांवर लॉरेल लावावे आणि दारावर ओकच्या पानांचा मुकुट बसवावा, असा ठरावच केला. रोमन लोकांच्या समजुतीप्रमाणे दार हे देवतांचे निवासस्थान होते. बिजागरीची देवता कार्डिया, दाराच्या फळीचा देव फोर्क्युलस, उंबरठ्याचा लिमेंटिनस आणि या सर्वांवर द्वारांचा स्वामी जेनस, असा त्यांचा परिवार असे. उंबरठ्यावर हळदकुंकू वाहणाऱ्या समाजास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. 17 डिसेंबरपासून सॅटर्नेलियाचा उत्सव सुरू होई आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेस नववर्षाचा सोहळा होई. त्या वेळी हिरवळीला आणि दिव्यांना बहर येत असे.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरू लागला, तेव्हा नव्या धर्माच्या अनुयायांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. मूर्तीपुढे धूप जाळावयाचा नाही, हे स्पष्ट होते. परंतु शेजाऱ्यांच्या सणाला आपले दार उघडेबोडके ठेवावे काय? उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचा लेखक टर्टुलियन याने इ. स. 200 च्या सुमारास मूर्तिपूजेच्या निषेधार्थ एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्याच बांधवांना फटकारले आहे. मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्या दारांवरच अधिक दिवे आणि अधिक लॉरेल दिसते, अशी त्याची तक्रार होती. तो एका गृहस्थाची हकीकतही सांगतो. सार्वजनिक आनंदाची वार्ता येताच त्या गृहस्थाच्या दासांनी दाराला माळा बांधल्या. धन्याने तशी आज्ञा केली नव्हती. तो घरी नव्हता, आणि परत आल्यावर त्याने दासांना बोलही लावला होता. तरीदेखील त्याच रात्री त्याला दृष्टांतात शिक्षा भोगावी लागली! दाराबाबत धन्याची जबाबदारी किती कडक मानली जात होती, हे यावरून दिसते. त्याचबरोबर ग्रंथकाराला इतके रागवावे लागले, यावरून लोक त्याचे ऐकत नव्हते, हेही उघड होते.

टर्टुलियनच्या काळी नाताळ हा सणच रूढ नव्हता. 25 डिसेंबर या दिवशी ख्रिस्तजन्माचा उत्सव रोममध्ये पाळला जात असल्याचा सर्वांत जुना पुरावा इ. स. 336 चा आहे. पुढे हा सण जुन्या रोमन उत्सवांच्या ऐन मध्यावर स्थिरावला आणि दारावरच्या फांदीला नवा धनी मिळण्याचा मार्ग खुला झाला. अर्थात तो बिनविरोध मिळाला नाही. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील बिशप मार्टिन याने धर्मनियमांचा एक संग्रह केला. जानेवारीच्या आरंभीचे विधी पाळू नयेत व घरांना लॉरेल अथवा झाडांची हिरवळ गुंडाळू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. टर्टुलियननंतर साडेतीन शतके लोटली होती, साम्राज्याचा धर्म बदलला होता; परंतु दार मात्र हिरवेच होते.

येथे धर्मसत्तेतील दुसरे मत पुढे येते. इ. स. 601 मध्ये पोप ग्रेगरी याने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मोपदेशकास एक पत्र पाठविले. कँटरबरी येथे ऑगस्टिन नावाचा धर्मोपदेशक तेव्हा चार वर्षे काम करीत होता, त्याच्याकरिता हा सल्ला होता. जुनी देवळे पाडू नका, त्यांतील मूर्ती तेवढ्या काढा. आणि उत्सवाच्या दिवशी लोकांनी त्यांभोवती झाडांच्या फांद्यांच्या खोप्या उभाराव्यात, मेजवान्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. ज्यांची मने कठीण झाली आहेत, त्यांच्याकडून सर्व काही एकदम तोडून टाकणे शक्य नाही, हे त्या चतुर पुरुषाने ओळखले होते. टर्टुलियनने फांदीत जुना देव पाहिला. ग्रेगरीने फांदी ठेवली आणि देव बदलला. पुढील हजार वर्षे इंग्लंडात ग्रेगरीचेच धोरण चालले.

त्याचे फळ मध्ययुगात दिसते. इंग्लंडातील चर्चच्या जुन्या जमाखर्चांच्या वह्यांत नाताळासाठी हॉली आणि आयव्ही घेतल्याचा खर्च मांडलेला आढळतो. लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने 1598 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, नाताळात प्रत्येक मनुष्याचे घर, तसेच प्रत्येक चर्च, हॉली, आयव्ही, लॉरेल आणि त्या ऋतूत जे काही हिरवे मिळेल त्याने सजविले जात असे. रस्त्यांतील पाण्याचे हौद आणि खांबही त्यातून सुटत नसत. 1444 सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी झालेल्या वादळाची एक गोष्टही तो देतो. कॉर्नहिल या रस्त्यात लोकांच्या करमणुकीसाठी हॉली व आयव्हीने मढविलेला एक खांब रोवला होता. तो त्या वादळात मुळासकट उपटला गेला आणि लोकांना ते भुताचे कृत्य वाटले. घरोघरीच्या दारांवरील सजावट आता सबंध नगराची झाली होती.

सतराव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. या वेळी आक्षेप घेणारे प्युरिटन पंथाचे लोक होते आणि त्यांच्या हाती राज्याची सत्ता होती. बायबलात नाताळाची आज्ञा नाही, हा सण म्हणजे मूर्तिपूजेचा अवशेष होय, असे त्यांचे म्हणणे होते. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यामधील युद्ध चालू असतानाच, 1644 साली नाताळचा दिवस उपवासाचा म्हणून पाळावा, असा हुकूम पार्लमेंटने काढला. आणि जून 1647 मध्ये नाताळ, ईस्टर आदी सण कायद्याने रद्दच केले. त्या वर्षीच्या नाताळात लंडनमध्ये त्याच कॉर्नहिलवर उमेदवार कारागिरांनी पाण्याच्या हौदावर हॉली आणि आयव्ही चढविली. ती उतरविण्यास आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी दाद दिली नाही. शेवटी लॉर्ड मेयरला शिपाई घेऊन जातीने जावे लागले.

परंतु खरा भडका उडाला तो कँटरबरीस. ज्या शहरी ग्रेगरीचा तो सौम्य सल्ला येऊन पोहोचला होता, त्याच शहरी. तेथील मेयर विल्यम ब्रिज याने दवंडी पिटविली की, 25 डिसेंबर हा शनिवार नेहमीच्या बाजाराचा दिवस मानावा आणि दुकाने उघडी ठेवावीत. जेमतेम डझनभर दुकानदारांनी हुकूम पाळला. जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला, चेंडू खेळण्यास आरंभ केला आणि समजाविण्यास आलेल्या मेयरला खाली पाडले. नंतर लोकांनी आपापल्या दारांपुढे हॉलीची झुडपे उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास फुकट पेय देऊ केले. एरवी हॉली म्हणजे सणाची खूण. त्या दिवशी तिला निशाणाचे स्वरूप आले. या घरचा धनी कोणत्या बाजूचा आहे, हे रस्त्यावरून चालणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळत होते.

याचे परिणाम हलके नव्हते. पार्लमेंटच्या पक्षाचे सैन्य शहरात आले; शहराच्या वेशींचे दरवाजे काढून जाळण्यात आले आणि तटालाही खिंडारे पाडण्यात आली. घराचे दार सजविल्याबद्दल शहराने आपली दारे गमावली! मे 1648 मध्ये आरोपींची चौकशी झाली, तेव्हा स्थानिक पंचांनी त्यांच्यावर खटला भरण्यास नकार दिला. त्यातूनच केंट परगण्याचा अर्ज आणि त्या अर्जातून उठाव निर्माण झाला. 1 जून 1648 रोजी मेडस्टन येथे सेनापती फेअरफॅक्स याने तो मोडून काढला. हे सारे हॉलीमुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. करांचा बोजा, लष्कराचा जाच आणि राजनिष्ठा ही कारणे होतीच. तथापि राजकारणाच्या तपशिलात न शिरणारा सामान्य गृहस्थ घराबाहेर पडला, तो राज्यसत्तेचा हात आपल्या उंबरठ्यापर्यंत आल्यावर, ही गोष्ट नाकारता येत नाही. 1660 साली राजसत्ता पुन्हा स्थापन होताच ते कायदे रद्दबातल ठरले आणि हॉली पूर्ववत दारी आली.

असा प्रसंग केवळ युरोपवरच आला असे नाही. गोव्यात 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड हुडकून काढणाऱ्या धर्मन्यायालयाने, एक जाहीरनामा काढला. नवख्रिस्ती कुटुंबांत टिकून असलेल्या जुन्या चालीरीतींची त्यात लांबलचक यादी होती. घराच्या आवारात तुळस लावू नये, असल्यास ती उपटून टाकावी, असा एक हुकूम त्यात होता. येथेही सत्तेची दृष्टी प्रथम घरासमोरील झाडावर गेली. आणि येथेही लोकांनी आपली वाट काढली. गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या अंगणात दिसणाऱ्या क्रुसाच्या चौथऱ्याचा घाट पाहिला, तर तुळशीवृंदावनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाने माणसे शहरांत आणली, तेव्हा रानातून फांदी तोडून आणण्याची सोय राहिली नाही. लंडनच्या रस्त्यांवर हॉली, आयव्ही आणि मिसलटो, म्हणजे आपल्या बांडगुळाच्या जातीची वनस्पती, विकण्याचा धंदाच निघाला. हेन्री मेह्यू याने 1851 च्या सुमारास लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांचे जे वर्णन लिहिले, त्यात या विक्रीला स्वतंत्र जागा दिली आहे. त्याच शतकात जर्मनीत मोरेव्हियन पंथाच्या शाळांतून मुले कागदाचे अनेक टोकांचे तारे करू लागली. बेथलेहेमचा मार्ग दाखविणाऱ्या ताऱ्याचे हे प्रतीक होय. पुढे 1897 पासून हेर्नहूट येथे ते विक्रीसाठी तयार होऊ लागले. फांदीच्या जोडीला अशा रीतीने दिवाही दारी आला.

वसई, वांद्रे आणि गोवा येथील ख्रिस्ती घरांच्या दारांवर डिसेंबरात कागदी तारे लागतात, त्यांत दिवे पेटतात, आणि दाराशी गवताचा गोठा करून त्यात बाळ येशू निजविला जातो. शेजारच्या घरी दोन महिन्यांपूर्वी आकाशकंदील लागलेला असतो. हॉली या हवेत सहजी उगवत नाही. पण तिची उणीव कोणाला भासत नाही. कारण टर्टुलियनला जी गोष्ट खटकली आणि ग्रेगरीने जी ओळखली, ती फांदीच्या जातीवर अवलंबून नाही. बाहेर अंधार आणि गारठा असताना आपल्या दाराशी काहीतरी जिवंत वा तेजस्वी असावे, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसावे, एवढीच ती गोष्ट आहे. देवळांचे विधी शास्त्रांनी ठरविले आणि राज्यांचे नियम राजांनी. उंबरठ्यावर काय लावावयाचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी आणि बहुतेक काळी घरातील माणसांनीच ठरविले आहे.