बुडितातली गावे आणि कर्जाच्या अटी

आंतरराष्ट्रीय विकास सहकार्याचा नवा अभ्यासक बहुधा करारांपासून आणि परिषदांच्या जाहीरनाम्यांपासून सुरुवात करतो. पण आधी त्याने मणिबेली समजून घ्यावे. अक्कलकुवा तालुक्यातले हे नर्मदाकाठचे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातून सर्वांत आधी आले. या धरणासाठी जागतिक बँकेने १९८५मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा बुडितातल्या माणसांना बँकेकडे दाद मागण्याची सोयच नव्हती.

ती सोय झगडून मिळवावी लागली. नर्मदा बचाओ आंदोलन गावोगावच्या जमिनींची आणि पुनर्वसनाच्या आश्वासनांची माहिती जमवत होते. वॉशिंग्टनमधल्या पर्यावरण संघटना ती बँकेच्याच नियमांशी ताडून अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे ठेवत. बँकेला पैसा पुरवणाऱ्या देशाच्या संसदेत प्रश्न निघाला की बँकेला उत्तर द्यावेच लागते, हे त्यांनी नेमके हेरले होते. १९८९मध्ये आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकरांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी जपानने आपले अर्थसाहाय्य थांबवले. त्यामागे तिथल्या संघटनांचा पाठपुरावा होता. १९९१मध्ये बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली आणि पुनर्वसन व पर्यावरण या दोन्हींबाबत बँकेचेच नियम मोडले गेल्याचे तिच्या १९९२च्या अहवालात नोंदले गेले. मार्च १९९३मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असल्याचे कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. प्रकल्पाची झळ बसलेल्या दोघांनी मिळून केलेली तक्रारही तिथे घेतली जाऊ लागली. पहिली तक्रार नेपाळमधल्या अरुण-३ प्रकल्पाची होती. १९९५मध्ये बँक त्यातून बाहेर पडली.

सरदार सरोवर मात्र उभे राहिले आणि गावे बुडाली. या विषयावरच्या लेखनात ही गोष्ट अनेकदा तळटीपेत जाते, ते मला मान्य नाही. संघटनांच्या जाळ्याने जगासाठी नियम मिळवला, पण ज्यांच्या माहितीवर तो मिळाला त्यांची शेते वाचली नाहीत. मग यश कोणाच्या पदरात मोजायचे? माझ्या मते या अभ्यासक्षेत्राचा गाभा हाच प्रश्न आहे.

गरीब देशांच्या कर्जमाफीच्या चळवळीतही तो उठला. १९९८मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ बैठकीच्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्याच वर्षी कोलोनला कर्जसवलत वाढवण्यात आली. पण कर्जाखालच्या देशांतल्या अनेक संघटनांनी सवलतीसोबत येणाऱ्या आर्थिक अटी नाकारल्या. हे कर्जच अन्याय्य असल्याने ते फेडण्याचा प्रश्नच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९मध्ये त्यांनी ‘जुबिली साउथ’ ही आपली वेगळी आघाडी उभारली. विकास-साहाय्यावरच्या २०११च्या बुसान परिषदेत नागरी संघटनांना विकासातले स्वतंत्र भागीदार म्हणून मान्यता मिळाली, तरी त्या भागीदारांमधला हा मतभेद मिटलेला नव्हता.

वाचनाची सुरुवात मोर्स समितीच्या अहवालापासून करावी. धोरणाच्या कागदपत्रांत गावांची, कुटुंबांची आणि जमिनींची एवढी बारकाईने दखल घेतलेली फार क्वचित आढळते.