यकृतकांची ओळख आणि लखनौ

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या किंवा आंबोलीच्या झाडांवर जो हिरवा थर चढतो, त्यास लोक सरसकट शेवाळ म्हणतात. त्या एका शब्दाच्या पोटी वनस्पतींची अनेक कुळे नांदत असतात. त्यांपैकीच एक वर्ग यकृतकांचा. काहींचा चपटा देह यकृतासारखा दिसे, म्हणून युरोपातील जुन्या वैद्यांनी त्यांना हे नाव दिले. पण या वर्गातील बहुसंख्य जाती चपट्या नसून सपर्ण आहेत. त्यांना दोऱ्यासारखी नाजूक खोडे असतात व त्यांवर बहुधा एकाच पेशीच्या जाडीची इवलीशी पाने असतात. त्यांतील एखादीची जाती निश्चित करणे हे वनस्पतिशास्त्रातील अत्यंत कष्टाचे काम होय.

या कामाचे भारतातील एक प्रमुख पीठ गोमतीकाठच्या लखनौत उभे राहावे, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते. तेथील उन्हाळा कडक, भूमी सपाट. सपर्ण यकृतकांना हवा असतो तो डोंगरातील ओलावा. मात्र विद्येची बीजे हवेवर अवलंबून नसतात. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी हिमालय पायी तुडवून यकृतके गोळा केली. पश्चिम हिमालय व पंजाबचे मैदान यांतील यकृतकांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९ साली निघाला. दुसरा, राम सरन चोप्रा यांच्या सहकार्याने, १९३२ साली. कश्यपांचे विद्यार्थी बिरबल साहनी १९२१ साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले. त्याच विभागात एस. के. पांडे यांनी यकृतकांचा अभ्यास रुजविला. १९४३ साली त्यांनी मिश्र यांच्यासह भारत व सिलोन येथील, इतर झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या यकृतकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांचे शिष्य राम उदार यांनी ही परंपरा वाढविली.

ओळख पटविण्याची रीत पाहिली म्हणजे या परंपरेचे मोल ध्यानी येते. खोडावर दोन्ही बाजूंस पाने असतात. कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे ती एकमेकांवर चढलेली असतात. मात्र पुढचे मागच्यावर चढते की मागचे पुढच्यावर, हे आधी पाहावे लागते. मग खोड उलटे करून खालच्या अंगास पानांची तिसरी, बहुधा लहान, ओळ आहे की नाही हे तपासतात. फ्रुलानिया या प्रजातीत पानाचा खालचा खंड शिरस्त्राणासारखा फुगीर असतो व त्यात पाणी साठते. त्यापुढे पेशींच्या भिंती, फळाभोवतीचे आवरण आणि बीजुके यांची पाळी येते. पेशींत चकाकणारे तैलकणही ओळखीची मोठी खूण असतात. पण वनस्पती वाळली की ते बहुधा नाहीसे होतात. म्हणजे जी खूण रानात हाती असते, तीच संग्रहालयाच्या कागदी पाकिटात हरवते.

एकोणिसाव्या शतकात भारतीय यकृतकांची नावे बहुशः अशा वाळल्या तुकड्यांवरूनच ठरली. रानात गोळा करणारा एक आणि दूर युरोपात बसून नाव देणारा दुसरा. लाइपझिगच्या फ्रान्झ स्टेफानी यांनी जगातील यकृतकांचे सहा खंड १८९८ ते १९२५ या काळात प्रसिद्ध केले. त्यांचा उद्योग अफाट. तथापि त्यांनी दिलेल्या पुष्कळ नावांमागे निराळी जाती नव्हती, असे पुढील अभ्यासकांस आढळले.

याहून बोलका दाखला सिक्कीमचा आहे. तेथे जोसेफ हूकर यांनी गोळा केलेल्या एका बारीक वनस्पतीस विल्यम मिटन यांनी १८६१ साली लेपिडोझिया या सपर्ण यकृतकांच्या प्रजातीत बसविले. १९५८ साली जपानी शास्त्रज्ञांनी ताकाकिया नावाची नवी प्रजाती वर्णिली, आणि हूकरांची वनस्पती तिचीच आप्त असल्याचे १९६३ साली ठरले. ताकाकियाही यकृतकच मानली जाई. पण अल्यूशन बेटांवर तिचे बीजुके धरणारे रूप सापडले व १९९३ साली त्याचे वर्णन झाले, तेव्हा ती यकृतक नसून मॉस असल्याचे सिद्ध झाले. अपुऱ्या पुराव्यावर पडलेल्या नावाची दुरुस्ती व्हायला १३२ वर्षे लागली.

नाव चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. दोन भिन्न जाती एकाच नावाखाली गेल्या, तर त्यांतील दुर्मिळ जातीचा डोंगर उजाड झाला तरी नोंदवहीत ती सुखरूपच दिसते. म्हणून रानातून ताजा नमुना आणणे, त्याची चित्रे काढणे आणि तो पुढच्या अभ्यासकासाठी जपून ठेवणे, ही तिन्ही कामे त्याच देशात व्हावी लागतात. लखनौने ती जबाबदारी पत्करली. विद्यापीठात आणि सिकंदर बागेच्या परिसरातील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत असे नमुने जतन केलेले आहेत. हिमालयाच्या ओल्या अरण्यातील बोटभर जीवाला त्याचे खरे नाव मिळण्याची सोय त्यामुळे याच देशात झाली.