नऊ धावांच्या पलीकडचे भाऊसाहेब निंबाळकर

भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव निघालं की गोष्ट एकच सांगितली जाते. डिसेंबर १९४८, पुण्याचं मैदान, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. सर डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ नाबादचा जागतिक विक्रम गाठायला फक्त नऊ धावा कमी. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, विश्रांतीच्या वेळी म्हणाले, "डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो." महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही. पाहुणे सामना सोडून खरोखरच निघून गेले. विक्रम राहिला तो राहिलाच!

गोष्ट खरी आहे, चटका लावणारीही आहे. पण मला वाटतं, या नऊ धावांनी भाऊसाहेबांवर एक अन्यायच केला. सगळं आयुष्य त्या एका दुपारी अडकून पडलं. त्या दुपारच्या आधी नऊ वर्षं आणि नंतर पंधराएक वर्षं हा माणूस गावोगाव, संघोसंघ खेळत फिरत होता, हे कोणी सांगत नाही.

अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये असे खेळाडू पुष्कळ असतात. दोन वर्षं या शहराचा संघ, एक वर्ष त्या. काम चोख, पण नाव मोठं होत नाही. इंग्रजीत त्यांना 'जर्नीमन' म्हणतात. मूळ अर्थ रोजावर काम करणारा कारागीर. आपल्याकडे असं कुठे होतं, असं कोणी म्हणेल. होतं की! पैलवान तेच करत. ज्या संस्थानात खुराक मिळेल, त्या तालमीत मुक्काम. आणि आम्हा बीड जिल्ह्यातल्या माणसांना कामामागे जाणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तलवाड्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. ज्या मुकादमाची उचल घेतली, त्याचा कारखाना. त्यांना कोणी बेइमान म्हणत नाही.

भाऊसाहेबांचा जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९. वयाच्या विशीत, १९३९-४० च्या हंगामात, ते बडोद्याच्या संघातून प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळू लागले. पुढे महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे... रणजी करंडकाच्या पंचवीसेक वर्षांच्या वाटचालीत इतके संघ बदलणारा माणूस त्या काळात क्वचितच सापडेल. फलंदाज तर होतेच, पण मध्यमगती गोलंदाजी करत आणि वेळ पडली तर यष्टीमागेही उभे राहत. फिरत्या माणसाला सगळी कामं यावी लागतात!

आता हे फिरणं हौसेचं होतं का? त्या काळाकडे पाहिलं की उत्तर मिळतं. क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. आश्रय राजेरजवाड्यांचा. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना आपल्या फौजेत हुद्दा दिला. मुश्ताक अली 'कॅप्टन' म्हणून ओळखले गेले तेही याच रीतीने. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि सहा वेळा तो उपविजेता ठरला. १९५२-५३ साली बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात होळकरांकडून २१९ धावा काढणारे भाऊसाहेबच होते. म्हणजे पुण्याची खेळी ही काही एकदाच लागलेली लॉटरी नव्हती.

पण तोवर आश्रयदातेच राहिले नव्हते. १९४८-४९ या दीड-दोन वर्षांत संस्थानं विलीन झाली. इंदूर मध्य भारतात गेलं. कोल्हापूर आणि बडोदा मुंबई राज्यात. आमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला, त्याला तीन महिने होतात न होतात तोच पुण्यात हा सामना झाला. राजेशाही मावळत असताना एक ठाकोरसाहेब 'आम्ही निघालो' म्हणून सामना सोडतात आणि कोणी काही करू शकत नाही, यात मला त्या संक्रमणकाळाचं चित्र दिसतं. पुढे खेळाडूंना आधार झाला तो सरकारी नोकरीचा. १९५८-५९ पासून रेल्वेचा स्वतंत्र संघ रणजीत उतरला. भाऊसाहेबांच्या संघांची यादी वाचली की हा सगळा बदल ओळीने दिसतो. सुरुवात बडोद्याच्या गायकवाडांपासून, शेवट रेल्वेवर!

आता मुख्य सल. भाऊसाहेब भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. का, याचं पहिलं उत्तर तारखांत आहे. ऑगस्ट १९३६ नंतर भारताची पुढची कसोटी थेट जून १९४६ मध्ये झाली. महायुद्धाने त्यांची विशी ते सव्विशी गिळली. पण दुसरी तारीख जास्त बोचते. पुण्याचा सामना झाला १६ ते १८ डिसेंबर १९४८ ला. त्यांना एकोणतिसावं वर्ष पूर्ण होऊन चारच दिवस झालेले. आणि त्याच वेळी वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता! मुंबईची कसोटी नुकतीच संपलेली, कलकत्त्याची ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती. मधल्या त्या अडीच आठवड्यांत हा माणूस ४९४ मिनिटं उभा राहून, ४९ चौकार आणि एक षटकार मारून ४४३ करतो. कमल भांडारकरांबरोबर (२०५) दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी करतो. तरी बोलावणं आलं नाही. ती मालिका फेब्रुवारी १९४९ मध्ये संपली आणि पुढची अधिकृत कसोटी नोव्हेंबर १९५१ मध्ये. तोवर भाऊसाहेब बत्तिशीला आले.

निवड समितीच्या मनात काय होतं, ते आपण कशाला सांगावं? विजय हजारे, रुसी मोदी, मुश्ताक अली अशी माणसं रांगेत होती, आणि मुश्ताक अलींनी कलकत्त्याला शतक काढून आपली निवड सार्थ केली. काठियावाडची गोलंदाजी दुबळी, असंही कोणी म्हणेल. पण १९५२-५३ चा अंतिम सामना काही दुबळ्यांशी नव्हता. ८० सामने, ४८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी. हा हिशोब एका दुपारचा नाही.

२००२ साली भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. रणजी करंडकात त्यांच्या खालोखालच्या धावा पृथ्वी शॉच्या, २०२३ साली ३७९. म्हणजे पंचाहत्तर वर्षांत सर्वांत जवळ आलेला माणूससुद्धा ६४ धावा दूर.

शाळेत असताना मुलांना इतिहास शिकवायचो तेव्हा पुस्तकात राजांची यादी असायची, कारागिरांची नसायची. क्रिकेटचंही तसंच झालं आहे. कसोटीची टोपी मिळाली तो इतिहासात, बाकीचे तळटीपेत. आज लिलाव होतो, खेळाडू दरवर्षी संघ बदलतात आणि आपण टाळ्या वाजवतो. तेच काम भाऊसाहेबांनी लिलावाशिवाय, रेल्वेच्या डब्यात वळकटी टाकून पंचवीस वर्षं केलं. त्यांच्या नऊ धावा राहिल्या याची हळहळ करावी जरूर. पण ज्या काढल्या त्याही एकदा नीट मोजाव्यात, एवढंच.