मॉडेल टीचा ताप

घाटात बॉनेट उघडून वाफ सोडणारी गाडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चं (१९०८-२७) हे जुनं दुखणं. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांनंतर फोर्डने पाण्याचा पंपच काढून टाकला! मला त्यात चूक दिसत नाही. बिघडायला एक भाग कमी. गरम पाणी आपोआप रेडिएटरच्या वरच्या भागात चढायचं, गार होऊन खालून इंजिनात परतायचं. पातळी वरच्या नळीखाली गेली, की फिरणं बंद आणि उकळी सुरू.

पण पाणी पुरेसं असूनही तापली तर? स्टिअरिंगखालचा डावा दांडा बघायचा. ठिणगीची वेळ त्यावर ठरे. सुरू करताना ठिणगी उशिरा ठेवावी लागे, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. नंतर दांडा खाली ओढायला विसरलात, की उष्णता कामाऐवजी पाण्यात! उपाय फुकटचा, पण रेडिएटर ठोकून पाहणाऱ्याला तो सुचत नसे.