तिकिटाची मागची बाजू

संग्रह करणे ही जशी एक वृत्ती आहे, तसा जमवलेल्या संग्रहाचे पुढे काय करायचे हा एक नैतिक प्रश्न आहे. पोथ्या, नाणी, ग्रंथ किंवा टपाल तिकिटे आयुष्यभर जमवणाऱ्या माणसाला तो कधी ना कधी गाठतोच. तिकिटांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो. पाकिटावर चिकटून एकदा प्रवास झाला, की तिकिटाला उपयोगमूल्य असे उरत नाही. उरते ते दुर्मिळतेचे मूल्य, आणि तेही सर्वस्वी इतरांच्या इच्छेवर अवलंबून असलेले. असा एखादा ठेवा विकून त्या पैशातून रुग्णांवर उपचार होतात, तेव्हा दाता कोणाला म्हणायचे आणि दान कशाचे झाले असे समजायचे?

या प्रश्नाला इतिहास आहे. ब्रिटिश संसदेचे सदस्य टॉमस टॅपलिंग १८९१ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. त्यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या नावे केला होता. आज तो ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहे. दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. पॅरिसमध्ये राहणारा फिलिप फेरारी हा त्या काळातला सर्वांत मोठा तिकीटसंग्राहक. त्याने मृत्युपत्रात आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला दिला. १९१७ साली, महायुद्ध चालू असतानाच, त्याचा मृत्यू झाला. फ्रेंच सरकारने संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि १९२१ ते १९२५ या काळात १४ लिलावांतून विकून टाकला. तिकिटे चहूकडे पांगली आणि पैसा युद्धाच्या नुकसानभरपाईत जमा झाला. येथे विक्री होती, सार्वजनिक कारणही होते. परंतु दान नव्हते. दानाला देणाऱ्याची इच्छा लागते, आणि फेरारीची इच्छा तर संग्रह एकत्र राहावा अशी होती.

अखंड जतन आणि सक्तीचे विघटन या दोन टोकांच्या मधला तिसरा मार्ग अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञ बिल ग्रोस यांनी निवडला. १९७१ साली सुरू झालेल्या ‘पिम्को’ या कंपनीचे ते एक संस्थापक. त्यांच्या संग्रहाची सुरुवात एका घरगुती अपयशातून झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाची तजवीज म्हणून त्यांच्या आईने पोस्टातून नव्या तिकिटांचे पूर्ण ताव विकत घेऊन ठेवले होते. पुढे ते विकायला काढले तेव्हा छापील किंमतही मिळेना. कारण उघड होते. तसेच ताव, त्याच आशेने, असंख्य घरांत जपून ठेवलेले होते. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. आईची कल्पना चुकीची नव्हती, निवड चुकली होती, हे सिद्ध करण्याची ईर्ष्या त्या मुलाच्या मनात राहिली. पुढे हाती संपत्ती आल्यावर त्यांनी खरोखरीच दुर्मीळ तिकिटे घ्यायला सुरुवात केली.

ही ईर्ष्या कुठवर गेली ते २००५ साली दिसले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी तिकिटांच्या त्यांच्या संग्रहात एकच जागा रिकामी होती. ती १८६८ च्या सुमारास निघालेल्या, फ्रँकलिनचे चित्र असलेल्या एक सेंटच्या ‘झेड ग्रिल’ या तिकिटाची होती. त्या काळी वापरलेले तिकीट धुऊन पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कागदावर बारीक जाळीचा ठसा उमटवीत. शिक्क्याची शाई त्यात मुरत असे. या विशिष्ट ठशाची केवळ दोन तिकिटे ज्ञात आहेत, आणि त्यांतले एक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे. दुसरे मिळवण्यासाठी ग्रोस यांनी १९१८ च्या, उलट्या छापलेल्या विमानाच्या चार तिकिटांचा एकमेव क्रमांकित ब्लॉक जवळजवळ तीस लाख डॉलरना लिलावात घेतला आणि त्याच्याशी अदलाबदल केली. चार तिकिटे देऊन एक घेतले, आणि संग्रह पूर्ण झाला.

त्यानंतर दोनच वर्षांत, २००७ साली, त्यांनी आपला ब्रिटिश तिकिटांचा संग्रह न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकला. ९१ लाख डॉलर आले. ती रक्कम त्यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला दिली. युद्धग्रस्त आणि साथग्रस्त प्रदेशांत वैद्यकीय सेवा देणाऱ्या या संस्थेला १९९९ सालचे शांततेचे नोबेल मिळाले होते. येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. जो संग्रह पूर्ण करण्यासाठी जिवाचे रान केले, तो अमेरिकी संग्रह ग्रोस यांनी तेव्हा मोडला नाही. आधी गेले ते त्या मानाने कमी जिव्हाळ्याचे. हा दोष नव्हे. माणूस असाच देतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे ९१ लाख डॉलर आले कोठून? ते विक्रेत्याच्या तिजोरीतून आले नाहीत. बोली लावणाऱ्या इतर संग्राहकांनी दिले. सभागृहात हव्यास जितका तीव्र, तितकी दूरवरच्या रुग्णाला मिळणारी मदत मोठी. अपरिग्रहाला सद्गुण मानणाऱ्या आपल्या परंपरेला हे विचित्र वाटेल, परंतु असे दान परिग्रहाच्या जोरावरच उभे राहते. ते गुप्तदानही होऊ शकत नाही. अशा लिलावात पूर्वीच्या मालकाचे नाव हा वस्तूच्या किमतीचाच एक भाग असतो. नाव झाकले तर बोली उतरते.

मग विक्रेत्याने दिले काय? माझ्या मते, त्याने पूर्णता दिली. एकेक तिकीट शोधून, क्रम लावून, वर्षानुवर्षांच्या जाणकारीने उभी केलेली रचना त्याने मोडू दिली. सुटे तिकीट कोणाही धनिकाला घेता येते, पण ती रचना विकत मिळत नाही. लिलावाच्या सूचीत तिची आठवण राहते, एवढेच. २०२४ साली ग्रोस यांचा अमेरिकी संग्रहही लिलावात निघाला आणि ‘झेड ग्रिल’ला सुमारे ४४ लाख डॉलर मिळाले.

ज्या ब्लॉकची ग्रोस यांनी अदलाबदल केली, तो पुढे पादत्राणांचे रचनाकार स्टुअर्ट वाइट्समन यांच्याकडे गेला. १८५६ चे ‘ब्रिटिश गियाना एक सेंट मॅजेंटा’ हे जगातले एकमेव तिकीटही त्यांच्याकडे होते. एका बारा वर्षांच्या मुलाला सापडलेले आणि त्याने सहा शिलिंगांना विकलेले हे तिकीट फेरारीच्या संग्रहातूनही गेलेले. जून २०२१ मध्ये वाइट्समन यांनी ब्लॉक, तिकीट आणि १९३३ चे एक सोन्याचे नाणे सेवाभावी कार्यासाठी विकायला काढले. तिन्हींचे मिळून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर झाले. तिकिटाला मात्र, दलाली धरूनही, ८३ लाखच मिळाले. २०१४ साली त्यांनी स्वतः सुमारे ९५ लाख मोजले होते. दानासाठी विकले म्हणून बाजार दयाळू होत नाही.

त्या तिकिटाच्या मागे फेरारीचे त्रिदल चिन्ह आहे, नंतरच्या मालकांची आद्याक्षरे आहेत आणि वाइट्समन यांनी काढलेला उंच टाचेचा बूट आहे. जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर मालक आपले नाव घालीत, त्याच कुळातली ही खूण. आपल्याकडून वस्तू जाणार हे ठाऊक असलेला माणूसच अशी खूण करतो. दानाच्या नोंदी संस्थांच्या ताळेबंदात राहतात. सोडून देण्याच्या नोंदी मात्र त्या इवल्याशा कागदाच्या पाठीवर एकीशेजारी एक उभ्या आहेत.